कोरी काच

त्या काचेवर रंग असायला नको होता. सबिहानं मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा ओढणीच्या टोकानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. रंग होता. शंका घ्यावी असा पुसटही नव्हता. कपाखाली उमटलेल्या चहाच्या डागासारखा चांगला तपकिरी, कापातल्या बारीक नळ्यांच्या आतल्या कडा धरून बसलेला. बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. त्याचं एक चाक दर फेऱ्याला कुरकुरत होतं. ते कुरकुरणं जिन्यापाशी जाऊन थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिनं काचेवर पेन्सिलीनं लिहिलेलं पाहिलं. तिचंच अक्षर. किडनी, कोरी.

कोरी म्हणजे ज्या काचेला बाकी सगळं इतरांसारखंच करायचं, तेच पाणी, तेच अल्कोहोल, तेवढाच वेळ, फक्त जे एन्झाइम शोधायचं त्याला चिकटणारी अँटीबॉडी तिच्यावर घालायची नाही. अँटीबॉडी नाही, तर शेवटी तपकिरी रंगही नाही, फक्त सगळ्याच काचांना देतात तो फिका निळा. हे इतकं साधं होतं की शहराबाहेरच्या त्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात चोवीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढलेल्या सबिहाला त्याचा वेगळा विचार कधी करावाच लागला नव्हता. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला मांसाचा कण मायक्रोटोमवर लावायचा, चाक फिरवायचं, पात्याखालून केसाहून पातळ पापुद्रा सुटला की तो कोमट पाण्यावर सोडायचा. पाण्यावर तो आपोआप पसरतो, सुरकुत्या सोडतो, जणू सुस्कारा टाकतो. मग खालून हळूच काच घालून त्याला उचलायचं. हे उचलणं तिला आवडायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी कुणी विचारलं, काय काम करतेस गं, तर ती म्हणायची, कापते. ऐकणारी बाई शिवणकाम समजायची, आणि सबिहा तिला तसं समजू द्यायची.

या किडनीचे पापुद्रे ती तीन महिने कापत होती. गाठ झाली म्हणून कुणाची तरी एक किडनी काढली होती. त्या माणसानं संमती दिली होती म्हणून गाठीपासून लांबचा, निरोगी तुकडा डॉक्टर एंजल उजागरेंच्या प्रबंधासाठी मिळाला होता. एंजल म्हणजे विभागातली एमडीच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, श्रीरामपूरची, चालताना जवळजवळ धावणारी. माणसाच्या किडनीत अमुक एक एन्झाइम नेमकं कुठं बसलेलं असतं, हे तिला काचेवर दाखवायचं होतं. पुस्तकं म्हणत होती की ते किडनीतल्या लांबच्या नळ्यांत असतं, लघवी बाहेर पडायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात. पण एंजलच्या काचांवर ते जवळच्या, सुरुवातीच्या नळ्यांतही दिसत होतं. ठळक दिसत होतं. विभागप्रमुख खूश होते. पुण्याच्या परिषदेत तिचा निबंध स्वीकारला गेला होता. त्या दिवशी एंजलनं सबिहाला मिठी मारली होती आणि तिच्या ॲप्रनला मेण विरघळवणाऱ्या झायलीनचा वास आहे म्हणून लगेच नाक दाबलं होतं.

आजवर कोरी काच त्यांनी नेहमी वारेच्या तुकड्याची केली होती. बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतही ते एन्झाइम असतं आणि वारेला काही तोटा नव्हता. किडनीचा तुकडा मात्र एवढासा, म्हणून तो वाचवायचा. ती काच दरवेळी स्वच्छ निळी यायची. परवा शनिवारी एक पापुद्रा उरला. टाकवेना म्हणून सबिहानं आपल्याच मनानं किडनीची कोरी काच केली. तीच काच आता तिच्यासमोर होती.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की, हात चुकला. थेंब पडला असेल. शनिवार होता, दोन वाजता निघायची घाई होती, मुकुंदनगरच्या रिक्षा तीननंतर मिळत नाहीत. चोवीस वर्षांत तिचा हात चुकला नव्हता असं नाही. पण चुकलेलं तिला त्याच क्षणी कळायचं, भाजीत मीठ दुसऱ्यांदा पडलं की कळतं तसं. शनिवारचं एक एक मिनिट तिनं आठवून पाहिलं. ओल्या फडक्याचा डबा, त्यात आडव्या ठेवलेल्या सहा काचा, पाच काचांवर थेंब, सहावीवर नुसतं पाणी. सहावी तिनं मुद्दाम डब्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती. तेही आठवत होतं. मग?

एंजलला तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. एंजल दोनदा आली, एकदा स्टेपलर न्यायला आणि एकदा नुसतीच, पुण्याला नेसायच्या साडीचा फोटो दाखवायला. सबिहा म्हणाली, छान आहे, रंग खुलेल तुम्हाला. आणि ‘रंग’ म्हणताना ती काच ट्रेमध्ये सरकवली.

खरं म्हणजे तिचं मन आदल्या गुरुवारपासूनच ठिकाणावर नव्हतं, आणि त्याचं कारण काचेचं नव्हतं. गुरुवारी ती कापत होती आणि एंजल शेजारी स्टुलावर बसून, पाय हलवत, ते एन्झाइम करतं तरी काय ते सांगत होती. शरीरात मीठ धरून ठेवायला सांगणारं एक हार्मोन असतं. ते किडनीतल्या ज्या कुलपात बसतं, त्याच कुलपात ताणतणावाचं दुसरं एक हार्मोनही बसू शकतं, आणि हे दुसरं रक्तात कितीतरी पटीनं जास्त. मग कुलूप सारखं उघडंच राहायचं. मीठ साठत जायचं, रक्तदाब चढायचा, पोटॅशियम वाहून जायचं. तसं होत नाही, कारण हे एन्झाइम तिथंच बसून त्या दुसऱ्या हार्मोनला निकामी करतं. “आणि गंमत माहितीये का मॅडम,” एंजल म्हणाली होती, “आपलं ज्येष्ठमध असतं ना, ते कुणी रोज चघळलं, वर्षानुवर्षं, तर हे एन्झाइम बंद पडतं. बीपी वाढतं. पायातली ताकद जाते. आणि लोक म्हणतात, वय झालं.” सबिहाच्या हाताखालचं चाक थांबलं. पापुद्रा पात्यावरच गुंडाळला गेला. “फाटला का?” एंजलनं विचारलं. “फाटला,” सबिहा म्हणाली.

तिचे अब्बा, मोहियोद्दीन, शेवगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीतल्या माइकसमोर बसून गाड्यांची नावं पुकारायची हे त्यांचं काम. शाळेतून येताना ती पिंपळाच्या पारापर्यंत आली की त्यांचा आवाज कानावर यायचा, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवणारा. माइकवरची त्यांची मराठी मास्तरांची असायची आणि माइक बंद केला की शेवगावची. त्या आवाजासाठी ते गालात ज्येष्ठमधाची काडी ठेवायचे. घसा बसलेला नियंत्रक म्हणजे कंदील विझलेलं स्टेशन, असं ते म्हणत. निवृत्त झाले, अम्मी गेली, ते नगरला सबिहाकडं राहायला आले. आता पुकारायला काही नव्हतं, पण काडी राहिली. आणि ती काडी पहिल्या पगारापासून आजपर्यंत सबिहाच आणत आली होती, कापड बाजारातल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून. दुकानदार तिला पाहिलं की विचारायचाही नाही. जाडसर, आतून पिवळ्या काड्या निवडून पुडी बांधायचा. अब्बांना तीन वर्षांपासून बीपीच्या तीन गोळ्या होत्या. गेल्या उन्हाळ्यापासून मांड्यांत गोळे येत होते. संडासातून उठताना ते दाराची कडी धरत. दोनदा पोटॅशियम कमी आलं, दोनदा औषध देऊन वर आणलं, पुन्हा उतरलं. सगळेच म्हणाले, वय. तीही म्हणाली.

सोमवारी ती घरी आली तेव्हा ते गॅलरीत बसले होते, उन्हाकडं पाठ करून, गालाला तो ओळखीचा फुगवटा. “आलीस व्हय,” ते म्हणाले. “लई थकल्यावानी दिसती.” ती त्यांच्या गालाकडं पाहत राहिली. सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं, चहा ठेवू का?

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली तेव्हा तिनं दार लोटून घेतलं. जेवणाचा डबा बॅगेतच राहू दिला. या वेळी तिनं अँटीबॉडीची कुपी फ्रीजमधून बाहेरच काढली नाही. नवे हातमोजे, नवं फडकं, एकटीच किडनीची काच. थेंब पडायचा तर कुठून पडेल, हे स्वतःलाच दाखवायचं होतं. नंतरच्या द्रावणांसाठी थांबायचं होतं. टिकटिकणाऱ्या घड्याळासमोर हात मांडीवर ठेवून ती बसली आणि तिला गहिनीनाथ घुलेसर आठवले. तिला हे काम शिकवणारे, नेवाशाकडचे, दोन्ही हातांची बोटं रंगांनी कायमची जांभळी झालेले. वारून आता नऊ वर्षं झाली. ते शिकवायचे कमी, कुरकुरायचे जास्त. काळीज आणि किडनी ही दोन भांडी भरलेली असत्यात पोरी, ते म्हणायचे. आपन वतायच्या आधीच त्यात कायतरी असतंय, तवा रंग दिसला म्हनून नाचायचं न्हाई. काळीज म्हणजे लिव्हर. तेव्हा ती हसली होती आणि वहीत लिहून घेतलं नव्हतं. आज ते शब्द घुलेसरांच्या आवाजासकट, त्यांच्या तंबाखूच्या वासासकट आले. भरलेलं भांडं. किडनीच्या नळ्यांत एक जीवनसत्त्व मुळातच साठलेलं असतं, बायोटिन. आणि त्यांचं रंगवायचं जे द्रावण होतं ते बायोटिनलाच धरायचं. म्हणजे अँटीबॉडी असो नसो, द्रावण तिथं जाऊन बसणारच. जवळच्या नळ्यांत. सगळ्यात जास्त जवळच्याच नळ्यांत. वारेत ते जवळजवळ नसतंच, म्हणून तिची कोरी काच दरवेळी निळी यायची.

काच पुन्हा तपकिरी आली. आणि काय नवल, तिला बरं वाटलं. क्षणभरच, पण अगदी निखळ बरं वाटलं, हात चुकला नव्हता म्हणून. त्यामागोमाग एंजलची साडी आठवली.

तिनं ते फिरवून सांगितलं नाही. दुपारी एंजल आली तेव्हा दोन काचा शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, “डॉक्टर, ह्या बघा. ही तुमची. आणि हिच्यावर मी काही घातलेलं नाही.” एंजलनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचे हलणारे पाय थांबले.

“थेंब पडला असेल,” ती म्हणाली.

“शनिवारी मलाही तेच वाटलं. म्हणून आज पुन्हा केलं. कुपी काढलीच नाही.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला?” आवाज चढला. “एवढासा तुकडा उरलाय, तो वाया घालवायचा? आधी विचारायचं तरी. मॅडम, पंधरा दिवसांवर पुणं आलंय. सगळं छापून गेलंय माझं!”

“म्हणूनच सांगितलं,” सबिहा म्हणाली. आणखी काही बोलायचं होतं, घुलेसरांचं, भांड्याचं, पण एंजल उठून गेली होती. दार आपटलं नाही, नुसतंच उघडं राहिलं. सबिहानं काचा ट्रेमध्ये लावल्या. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आली ती भूक. बॅगेतला डबा काढून, खिडकीत उभं राहून तिनं थंड झालेली भाकरी आणि मेथी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

त्या संध्याकाळी तिला रिक्षातच कळलं होतं की आज घरीही बोलायचं. एक बोलून झालं की दुसऱ्याची भीती तेवढी राहत नाही. अब्बांच्या समोर बसून तिनं सगळं सांगितलं, एन्झाइम, मीठ, पाय. शेवटी म्हणाली, “मीच आणून देत होते, अब्बा. चोवीस वर्षं.”

अब्बांनी काडी तोंडातून काढून पाहिली. टोकाला ब्रशासारखी कुंचली झाली होती. “ह्याच्यानं?” ते म्हणाले. “ही गोड लाकडं व्हय?”

“हो.”

“आनि डाक्टरांनी कुनी इचारलं न्हाई, तोंडात काय हाय म्हनून.”

“नाही विचारलं. मीही नाही सांगितलं.”

खाली मेहताब, तिचा नवरा, गाडी लावत होता, त्याच्या हॉर्नचा छोटा आवाज आला. “तू आनलं,” अब्बा म्हणाले, “खाल्लं म्या. खानाराचं काय ते खानाराला. त्यात तू रडायचं काय कारन?” तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. त्यांनी पुडी उशाखालून काढून तिच्या हातात दिली. मग पुन्हा घेतली, वास घेतला, आणि परत दिली.

एंजल बुधवारी आली नाही. गुरुवारी आली, केस ओले, डोळे सुजलेले, हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा. रात्रभर वाचत होते, म्हणाली. बायोटिनच आहे. सगळीकडं लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. सरांना सांगितलं. ते आधी ओरडले, मग म्हणाले, काढून घे निबंध. काढून घेतला. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि स्टुलावर बसली. “तुमच्यावर ओरडले मी.”

“ओरडलात.”

“सॉरी, मॅडम.”

“घुलेसर असते तर त्यांनी मला बाटली फेकून मारली असती,” सबिहा म्हणाली. एंजल हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. बायोटिन झाकायचं किट मागवलं तर यायला महिना लागणार होता, आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. कागद चाळता चाळता एंजल म्हणाली, “इथं एकानं लिहिलंय, अंड्याचा पांढरा बलक. त्यात जे असतं ते बायोटिनला घट्ट धरतं. आधी तो लावायचा, मग साय काढलेलं दूध, म्हणजे त्या बलकाची उरलेली पकड दुधातल्या बायोटिननं भरून जाते. असं कुठं चालतं का?” सबिहा तोपर्यंत उभी राहिली होती. चालेल की नाही ते तिला माहीत नव्हतं, पण अंडं कसं फोडायचं ते माहीत होतं.

शुक्रवारी तिनं घरून दोन अंडी आणली, ओढणीत गुंडाळून. बलक वेगळा करताना कवचाच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात पिवळा भाग खेळवला, तेव्हा एंजल अशी बघत होती जशी सबिहा पहिल्यांदा मायक्रोटोमकडं बघत होती. पांढरा भाग खारट द्रावणात ढवळला, मलमलीतून गाळला. दुधाची पावडर कॅन्टीनमधून आली. शेवटच्या चार पापुद्र्यांपुरताच तुकडा उरला होता. ते कापताना सबिहानं पंखा बंद केला, श्वासही जपून घेतला. पाण्यावर चारही नीट उलगडले. दोन काचांवर अँटीबॉडी, दोन कोऱ्या. तीन तास दोघी प्रयोगशाळेत बसून राहिल्या. एंजल मधेच म्हणाली, तिची आजी अंड्याचा बलक केसांना लावायची. सबिहा म्हणाली, मी पण लावते. मग सबिहानं अब्बांचं सांगितलं. एंजल पाय हलवायची थांबली आणि तिनं एकेक प्रश्न विचारला, किती वर्षं, दिवसाला किती, शेवटचं पोटॅशियम किती, आणि तिथूनच मेडिसिनच्या डॉक्टरांना फोन लावून उद्या या म्हणून सांगितलं.

संध्याकाळी काचा तयार झाल्या. एंजल म्हणाली, तुम्ही आधी. सबिहानं कोरी लावली. निळं. सगळीकडं निवांत निळं, पहाटेच्या आभाळासारखं, कुठंही डाग नाही. मग दुसरी. जवळच्या नळ्या निळ्या झाल्या होत्या, अगदी निष्पाप. आणि त्यांच्यामधून, लांबच्या नळ्यांत आणि खाली उतरत जाणाऱ्या सरळ वाटांत, फक्त तिथंच, तो तपकिरी रंग बसला होता, जिथं पुस्तकानं म्हटलं होतं तिथं. नवं काही सापडलं नव्हतं. जगाला ठाऊक असलेलंच त्यांना दिसलं होतं. पण ते खरं होतं, आणि इतकं नेमकं होतं की सबिहाला बाजूला व्हावंसं वाटेना. एंजलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती सरकली. एंजल बघत राहिली आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “हे आधीच्यापेक्षा सुंदर आहे.”

प्रबंध वेळेत गेला. त्यात एक पान बायोटिनवर होतं, त्या पानावर सबिहाचं पूर्ण नाव होतं, आणि अंड्याचाही उल्लेख होता. अब्बांच्या काड्या बंद होऊन सात आठवडे झाले. सुरुवातीला ते चिडचिडे झाले, बडीशेप चघळून पाहिली, थुंकली. मग हळूहळू पोटॅशियम वर आलं आणि औषधाशिवाय वरच राहिलं. डॉक्टरांनी तीनपैकी एक गोळी बंद केली. एका सकाळी सबिहाला संडासाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि कडीचा नेहमीचा खडखडाट आला नाही. हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून ती ऐकत राहिली.

“आणा ना त्यांना एकदा,” एंजल म्हणत होती. शनिवारी दुपारी सबिहा अब्बांना घेऊन आली. पहिल्या मजल्याचा जिना ते कठड्याला हात लावून, पण न थांबता चढले. त्यांनी धुतलेली टोपी घातली होती. एंजलनं त्यांना खुर्चीवर बसवलं, ती काच लावून दिली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांनी एकच डोळा भिंगाला लावला.

“दिसतं का, दादा?” एंजलनं विचारलं.

“दिसतंय की. नदीला वढा येऊन मिळावा तसं.” ते थांबले. “कुनाचं हाय ह्ये?”

“नाव नसतं, अब्बा,” सबिहा म्हणाली. “नंबर असतो.”

“नंबर तर गाडीला बी असतो. आत मानसं असत्यात.” त्यांनी डोळा काढला आणि दोघींकडं पाहिलं. “जिता हाय का त्यो?”

तीन महिने सबिहानं त्या माणसाला पातळ कापलं होतं, पाण्यावर पसरलं होतं, रंगवलं होतं. तो जिवंत आहे का, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. एंजलच्याही चेहऱ्यावर तेच होतं. एंजलनं फोन उचलला, ऑपरेशन करणाऱ्या विभागाला लावला, नंबर सांगितला. पलीकडं कुणीतरी रजिस्टर शोधत होतं. पानं उलटल्याचा आवाज सबिहालाही ऐकू येत होता. अब्बा टोपी सारखी करत वाट पाहत होते.

“जामखेडकडचे आहेत,” एंजल फोन कानाला तसाच धरून म्हणाली. “मंगळवारीच तपासणीला येऊन गेले. सगळं ठीक आहे. रांगेत फार उभं केलं म्हणून भांडून गेले.”

“भांडला व्हय!” अब्बांचा चेहरा उजळला. “मंग झ्याक हाय.” त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि डोळा पुन्हा भिंगाला लावला. “आता बघतो नीट,” ते म्हणाले.